पासवर्ड तपासतो कोण?

मायएसक्यूएलच्या सर्व्हरवरचा रूट पासवर्ड विसरला की पहिली धडपड तो शोधून काढण्याची असते. सर्व्हरमध्ये कुठेतरी लिहिलेला असेलच ना! नसतो. आतल्या ‘यूजर’ टेबलात त्याचा फक्त हॅश ठेवलेला असतो, आणि हॅशवरून मूळ अक्षरांकडे उलटी वाट नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड कोणी परत मिळवत नाही. त्याच्या जागी नवा घालतात.

पण नवा घालायचा तर आत जायला हवं, आणि आत जायचं तर पासवर्ड हवा. हा पेच सुटतो तो एका साध्या प्रश्नाने: पासवर्ड तपासतो कोण? डेटाबेसचा चालू प्रोग्राम. हक्कांची टेबलं तो सुरू होतानाच वाचून घेतो. आणि त्याला सुरू कोण करतं? ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणजे मशीन ज्याच्या ताब्यात, तोच या प्रोग्रामला सांगू शकतो की आज ती टेबलं वाचूच नकोस. सर्व्हिस बंद करून ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ हा पर्याय देऊन ती पुन्हा सुरू केली की नेमकं हेच होतं. कुलूप फुटत नाही, तपासणीच होत नाही.

गंमत म्हणजे या अवस्थेत पासवर्ड बदलायची आज्ञा सर्व्हर नाकारतो. त्याने हक्क वाचलेलेच नसतात, मग बदलणार काय? आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ म्हणून टेबलं वाचायला लावायची, मग ‘ऑल्टर यूजर’. तोवर येईल त्याला दार सताड उघडं. म्हणून ८.० पासून हा पर्याय दिला की नेटवर्कची वाट आपोआप बंद होते. जुन्या आवृत्त्यांत ती आपणच बंद करायची. माझ्या मते ‘इनिट-फाइल’चा मार्ग बरा: नव्या पासवर्डाची आज्ञा एका फाइलीत लिहायची, सर्व्हर सुरू होताना ती त्याला वाचायला द्यायची आणि काम झालं की फाइल पुसून टाकायची. दार उघडावंच लागत नाही.

इतरत्रही तेच. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_एचबीए’ फाइलीत तात्पुरतं ‘ट्रस्ट’ लिहितात. एसक्यूएल सर्व्हर सिंगल-यूजर मोडमध्ये सुरू केला की विंडोजच्या स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला आत पूर्ण अधिकार मिळतात. ओरॅकलमध्ये तर मशीनवरच्या डीबीए गटातला माणूस एरवीही पासवर्डाशिवाय ‘सिसडीबीए’ म्हणून आत जातो.

हे नीट समजलं की काळजीची जागा बदलते. डेटाच्या फायली कोणी उचलून स्वतःच्या मशीनवर नेल्या आणि तिथे सर्व्हर याच रीतीने सुरू केला, तर तुमचा कितीही अवघड पासवर्ड त्याला अडवत नाही. अडवतं ते डिस्कवरचं एन्क्रिप्शन, तेही त्याची किल्ली शेजारच्याच फोल्डरात ठेवलेली नसेल तर. तेव्हा पासवर्ड बदलून झाला की लगे हात एवढं पाहून घ्या: या मशीनवर रूट म्हणून कोणकोण येऊ शकतं, आणि बॅकअपच्या प्रती कुठे पडल्या आहेत.