शिल्लक आतच आहे

भक्तहो, चांगुलपणा जन्मतः असतो की शिकवावा लागतो? दत्तभक्तांना हा प्रश्न नवा नाही. भागवताच्या ११व्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, आपल्याला ही बुद्धी आली कुठून? अवधूत २४ गुरू सांगतो. पृथ्वीकडून क्षमा घेतली, समुद्राकडून गांभीर्य, साठवू नये हे मधमाशीकडून. पण यांतल्या एकानेही त्याला समोर बसवून शिकवले नाही! तीच पृथ्वी, तीच माशी आपणही रोज पाहतो. म्हणजे घेणारी बुद्धी आतलीच; पण ती जागी व्हायला पाहावे लागले.

मी बँकेत कारकून होतो. २ वर्षे व्यवहार केला नाही की बचत खाते डॉर्मंट होते. शिल्लक बुडत नाही, पण खाते पुन्हा सुरू करायला खातेदारानेच पुढाकार घ्यावा लागतो. मनातल्या दयेचे असेच आहे.

आपण ज्येष्ठ मंडळी म्हणतो, "हल्लीच्या पोरांत संस्कारच नाहीत." अहो, शिल्लक त्यांच्याकडेही आहे. आपण कामवाल्या बाईंशी, रिक्षावाल्याशी कसे बोलतो, ते नातवंडे गुपचूप पाहत असतात. आपण गुरू झालो, हे त्या माशीला तरी कुठे ठाऊक होते? आपल्यालाही कळत नाही. म्हणून जपून वागू या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥