इमल्याचा कर्ता

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत ठरविली आहे. हा निवाडा वास्तुविशारदांच्या लहानशा दप्तरांना लावून पाहण्याजोगा आहे, कारण आपल्या पूर्वकार्याची यादी देताना प्रत्येक इमल्यावर एकाच नावाची मोहोर उठविण्याचा त्या व्यवसायाचा रिवाज आहे.

अंधेरी पूर्वेस चांदिवलीतील संघर्षनगर घ्या. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या हुकमाने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हटविल्या जाऊ लागल्या, १ जानेवारी १९९५ पूर्वीचा दाखला असलेलीच कुटुंबे पुनर्वसनास पात्र ठरली, आणि त्यांनाही ७,००० रुपये भरावे लागले. पुनर्वसनासाठी देऊ केलेल्या कल्याणच्या बाजूच्या जागी जाण्यास नकार देऊन निवारा हक्क सुरक्षा समितीने लढा चालविला, आणि त्याच चळवळीतील वास्तुविशारद पी. के. दास यांनी या वसाहतीचा आराखडा केला. येथे अधिष्ठान म्हणजे झगडून मिळविलेली जमीन, करण म्हणजे तेव्हा २२५ चौरस फुटांचे घर ठरवून देणारा कायदा, चेष्टा म्हणजे रहिवाशांचे मोर्चे, आणि दैव? दैव म्हणजे दाखल्यावरची एक तारीख. वांद्र्याचा समुद्रकिनारा किंवा जुहूचा इर्ला नाला लोकांसाठी खुला करण्याच्या दासांच्या कामांतही नागरिकांच्या संघटना अशाच सहकर्त्या होत्या. २०१६ साली दासांना नागरी कार्यासाठीचे जेन जेकब्स पदक मिळाले, ते योग्यच झाले. पण पदक बहुधा एकाच्याच नावे दिले जाते, ही पदकांची अडचण आहे.

मात्र कर्तृत्व वाटले म्हणून जबाबदारी विरघळत नाही. पाचांतला एक म्हणजे शून्य नव्हे; खोलीत वारा येत नसेल, तर कायद्याकडे बोट दाखवून आराखडा काढणाऱ्याला सुटता येणार नाही. गीतेने कर्त्याला यादीतून वगळलेले नाही, त्याचा अहंकार तेवढा वगळला आहे.

ज्या जंगलातून ही कुटुंबे बेदखल झाली, त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील सातवाहनकालीन चैत्यगृहाच्या शिलालेखात दान देणाऱ्या व्यापारी बंधूंबरोबरच कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंचा आणि दगड घडविणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे. आपल्या कामांची यादी छापणाऱ्या दप्तरांनी निदान एवढी रीत कान्हेरीकडून उचलावी.