दार कोणासाठी उघडे?

वाचकहो, मार्गशीर्ष लागला की आमच्या नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीत घरोघरी गुरुचरित्राच्या पोथ्या निघतात. पौर्णिमेला दत्तजयंती आणि तिच्या आधी सात दिवस पारायण. एकभुक्त राहायचे, चटईवर निजायचे, मोजके बोलायचे आणि अध्याय सुरू झाला की मध्ये उठायचे नाही. आमच्या गळ्यात तुळशीची माळ आणि वारी पंढरीची. पण कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी जन्मलेल्याला दत्त महाराज परके कसे असतील? म्हणून मीही हा सप्ताह अनेक वर्षे करीत आलो आहे. आपल्यापैकीही पुष्कळजण करीत असतील. त्यांनाच मला आज विचारायचे आहे, देव येणार म्हणून आपण जी तयारी करतो, ती नेमकी कोणासाठी असते?

हा प्रश्न मला पोथीने दिला नाही. २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. सप्ताहाचा चौथा दिवस, सकाळची वेळ. आमच्या उसात कामाला येणारा एक गडी दारात आला. त्याची बायको मिरजेच्या दवाखान्यात होती, औषधाला आणि एसटीला पैसे हवे होते. तो हे उंबऱ्याबाहेरून बोलला आणि मी ऐकले. अध्याय मध्यावर होता. मी हाताने ‘बस’ अशी खूण केली आणि वाचत राहिलो. पुढचाही अध्याय लागूनच घेतला, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. उठलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हते. पैसे त्याला दुसऱ्या कोणी दिले. बाई बरी झाली. तो पुढे कामालाही आला, नेहमीसारखे ‘राम राम’ म्हणाला आणि त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशीचे वाचन संपवून मी मिरजेला गेलो. त्या वॉर्डात परिचारिकेच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचे एक वळे होते आणि त्यात चार मेणबत्त्या. दोन थोड्या जळलेल्या, दोन कोऱ्या. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, आमचा आगमनकाळ चालू आहे. नाताळाआधीचे चार रविवार. दर रविवारी एक वात वाढवायची.” मग रुग्णाची बाटली बदलता बदलता सहज म्हणाली, “येणारा कधी आणि कसा येईल ते ठाऊक नसते ना, म्हणून जागे राहायचे.”

आपला मार्गशीर्ष आणि त्यांचा हा काळ बहुतेक वर्षी एकमेकांत मिसळतो. २०२३ मध्ये तर नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती आली होती. चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरू जांभळा झगा घालतात. तो पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा रंग. आपल्या भाषेला ही कथा नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही अभंग लिहीत राहिले, कीर्तन करीत राहिले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. म्हणून त्या बाईचे बोलणे मला परक्याचे वाटले नाही. पण ते बोचले.

कारण त्या कथेत बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती, असे सांगतात. धर्मशाळेचा मालक काही दुष्ट नसेल. गर्दीचे दिवस, खोल्या भरलेल्या, तोही आपल्या कामात गढलेला असेल. मी जसा अध्यायात होतो.

आता आपल्याकडचे पाहा. पुंडलिकाने तर साक्षात देवाला थांबवले, वीट फेकली आणि ‘उभा राहा’ म्हटले. मीही त्या गड्याला ‘बस’ म्हटले. मग फरक कुठे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. सेवेसाठी त्याने देवाला थांबवले. मी देवाच्या नावाने सेवेला थांबवले. वीट दोघांनीही फेकली, पण उलट्या दिशेने.

यावर कोणी म्हणेल, मग पोथ्या हव्यात कशाला, माणसातच देव पाहा म्हणजे झाले. हे उत्तर मला फार सोयीचे वाटते. असे म्हणणारे आम्ही किती जण दुसऱ्याच्या दारी वेळेवर पोचतो? मला नाथमहाराजांची कावड आठवते. रामेश्वराला वाहायचे गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ही गोष्ट आपण दयेची म्हणून सांगतो. पण कावड खांद्यावर नसती तर पाजले काय असते? तेवढी वाट त्यांनी पाणी सांडू न देता चालली होती, म्हणूनच त्या क्षणी देण्याजोगे काही होते. नेम हवाच. फक्त ते पाणी कोणाच्या तोंडी जाणार, हे आपण ठरवून ठेवायचे नसते.

वाडीला पावसाळ्यात गेला असाल तर दक्षिणद्वार सोहळा पाहिला असेल. कृष्णेचे पाणी चढते, उत्तरेच्या दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि लोक त्या धारेत स्नान करतात. कोणत्या दिवशी होईल ते पंचांगात नसते. धरणाचे पाणी आणि वरचा पाऊस ते ठरवतो. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती गावात वर नेतात. आणि पूर उतरल्यावर मागे उरतो तो गाळ. तो उपसून, धुऊन काढावा लागतो. वर्षानुवर्षे चाललेले हे काम पाहत मी मोठा झालो, आणि तरी पारायणात दार लावून बसत होतो.

पुढच्या मार्गशीर्षात चौरंग मी ओसरीवर मांडला. घरचे म्हणाले, तिथे थंडी बाधेल. बाधलीच, चौथ्या दिवशी घसा बसला. एक शेजारी खोरे मागायला आला, एक पोरगी दाखल्यावर सही मागायला आली, आणि तो गडीही एकदा आला, उसाच्या पाण्याची पाळी विचारायला. प्रत्येक वेळी पोथीत खूण घालून उठलो. सातव्या दिवशी शेवटचा अध्याय संपायला दिवेलागण उलटून गेली. वाडीत जन्मकाळ केव्हाच झाला होता. घरच्यांनी आणलेला सुंठवडा वाटीत झाकून ठेवला होता, तो मी रात्री खाल्ला.