दूध कृष्णाकाठचं, चव कुणाची?

आवडतं आईस्क्रीम कुठलं, हा प्रश्न आपण लहान मुलांना कौतुकाने विचारतो. मला तो मोठ्यांना विचारावासा वाटतो, आणि त्यातही साताऱ्या-सांगलीकडच्या माणसांना. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. आधी कंपनीचं नाव येतं, मग फ्लेवरचं. अमूलचं बटरस्कॉच, वाडिलालचं काजू-द्राक्ष. यात वावगं काहीच नाही. पण ज्या मुलखात आईस्क्रीमला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू पिकते, त्या मुलखाची आवड कोण ठरवतं, याचा विचार एकदा तरी करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सातारा आणि सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. नकाशावर रेघ पडली, तरी कृष्णेने हे दोन्ही जिल्हे बांधून ठेवले आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी वाई, माहुली, कऱ्हाड करत भिलवडी-औदुंबरवरून सांगलीला येते. तिच्या उगमापाशी स्ट्रॉबेरी आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या तांबड्या मातीत इंग्रजांच्या काळात रुजलेलं हे फळ आज इथल्या शेतकऱ्याचं हक्काचं पीक झालं आहे. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच डोंगरमाथ्यावर पिकते आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. खाली उतरावं तसा ऊस लागतो. भुईंजचा किसन वीर, रेठऱ्याचा कृष्णा, सांगलीचा वसंतदादा अशी कारखान्यांची रांगच आहे. तासगावचा बेदाणा देशभर जातो. कुंभार्ली घाट चढून हापूस कऱ्हाडला पोहोचतो. सीताफळासाठी सासवड फार लांब नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध आहे दूध.

या दुधाची गोष्ट भिलवडीला सांगावी लागते. भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंब-गोवे गावचे. त्यांनी १९३९ साली भिलवडीत दुधाचा व्यवसाय उभा केला. गाव कृष्णेच्या काठी, त्यामुळे चारा-पाण्याची ददात नाही. आणि गावाला रेल्वे स्टेशन, त्यामुळे माल बाहेर धाडायची सोय. दूध नासायच्या आत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायचं, नाही तर त्याचं टिकणारं काहीतरी करायचं, हा दुधाच्या धंद्याचा पहिला नियम. चक्का, श्रीखंड, खवा, पेढे, बर्फी हे सगळे याच नियमातून आलेले. साताऱ्याचा कंदी पेढा आणि नरसोबाच्या वाडीची बासुंदी हीदेखील त्याच नियमाची गोड फळं. दूध आटवायचं कसं, हे या खोऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आईस्क्रीमचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

उरलेलं अर्धं काम थंडीचं, आणि ती मात्र बाहेरून आली. अमेरिकेतून जहाजात भरून आणलेला बर्फ १८३४ साली मुंबईला पोहोचला, आणि जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम खाऊ घातलं. यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, अशी बातमीही तेव्हा छापून आली. बर्फाचे कारखाने गावोगाव निघेपर्यंत आईस्क्रीम ही साहेबांच्या आणि सरदार-शेठजींच्या टेबलावरची चीज होती. कारखाने निघाले, बर्फाची लादी मिळू लागली, आणि मग आपल्याकडे पॉट आला.

हा पॉट ज्यांनी फिरवला आहे त्यांना त्याची जात सांगायला नको. लाकडी पिंप, त्यात मधोमध धातूचा उभा डबा, डब्यात लाकडी पात्यांची फिरकी आणि वर दातेरी चक्राचा दांडा. उन्हाळ्याच्या सुटीत असा पॉट भाड्याने आणायचा घरोघर रिवाज होता. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून मोगरीने फोडायची, पिंपात बर्फाचा एक थर आणि खडेमिठाचा एक थर असं आलटून पालटून भरायचं, आणि पोरांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. मीठ कशाला, असं प्रत्येक पोर विचारायचं. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही. मिठामुळे बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. बर्फ-मिठाच्या मिश्रणाचं तापमान उणे वीसच्या आसपासही उतरू शकतं. पिंपाच्या भोकातून खारं पाणी गळत राहायचं आणि हळूहळू दांडा जड व्हायचा. तो जड होणं हीच तयार झाल्याची खूण. झाकण काढताना एक मीठकणही डब्यात पडू नये म्हणून घरातली मोठी बाई कडा ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

त्या आईस्क्रीमची गोडी नुसत्या आठवणीतली नव्हती. तिला कारणं होती. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये हवा फार मिसळत नाही, त्यामुळे ते भरीव लागतं. म्हशीचं दूध आटवून घेतलेलं असतं, त्यामुळे जिभेवर साय जाणवते. गर त्याच आठवड्यातला असतो. आणि ते साठवता येत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी संपवावं लागतं. आंबा असेल तर आंब्याचं, सीताफळ निघालं असेल तर सीताफळाचं. फळ नसेल तर वेलदोडा आणि केशर. फ्लेवर ऋतू ठरवायचा. माझी आवड अजून त्याच पंचांगाने चालते. थंडीत स्ट्रॉबेरी, वैशाखात हापूस, दसऱ्याच्या सुमाराला सीताफळ.

फ्रीझर आला आणि हे पंचांग मोडलं. पण फ्रीझरवर ठपका ठेवून मोकळं होणं मला पटत नाही, कारण त्याने केलेलं काम मोठं आहे. १९९६ साली अमूल आईस्क्रीमच्या बाजारात उतरलं. १९९७ साली आईस्क्रीम लघुउद्योगांसाठीच्या राखीव यादीतून बाहेर पडलं. त्यानंतर वीज, रस्ता आणि कंपनीचा फ्रीझर जिथे पोहोचला तिथे आईस्क्रीम पोहोचलं. माणदेशातल्या, जतकडच्या ज्या गावांत बर्फाची लादी वाटेतच वितळून जायची, तिथल्या किराणा दुकानात आज शाळकरी पोराला खिशातल्या नाण्यांत कप मिळतो. एके काळी मुंबईच्या मेजवानीत मिळणारी गोष्ट दुष्काळी गावातल्या पोराच्या हातात यावी, ही साधी बाब नाही. ज्या काळात गोडधोड सणालाच व्हायचं, तो काळ परत यावा असं कुणीही म्हणू नये.

प्रश्न पुढचा आहे. दुकानदाराला फ्रीझर सहसा कंपनीच देते आणि त्यात आपलाच माल ठेवावा अशी तिची अट असते. त्यामुळे गावाची आवड ही पुष्कळदा त्या गावात आधी पोहोचलेल्या फ्रीझरची आवड असते. ज्या चवी बारा महिने, सगळ्या राज्यांत, एकसारख्या बनवता येतात त्याच त्यात राहतात. स्ट्रॉबेरीची बागाईत असलेल्या जिल्ह्यातही भर पावसाळ्यात स्ट्रॉबेरीचा कप मिळतो. त्यातला गुलाबी रंग आणि वास पुष्कळदा बाटलीतून आलेला असतो. मुलाच्या जिभेवर तीच स्ट्रॉबेरी म्हणून बसते. मग खरं फळ हाती आलं की त्याचा आंबटपणा त्याला खोट वाटतो.

याहून मोठी गोष्ट दुधाची. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्याला नुसतं ‘आईस्क्रीम’ म्हणून विकायचं त्यात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल वापरलं, तर त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहावं लागतं. दोन्ही विकणं कायदेशीर आहे, आणि तेलाचं आईस्क्रीम म्हणजे विष असं म्हणण्यातही अर्थ नाही. अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यात यावरून जाहिरातींचा वाद झाला आणि तो २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने अमूलच्या त्या जाहिरातींना मनाई केली. म्हणजे कंपन्यांनी एकमेकींवर चिखलफेक करायची नाही, एवढं ठरलं. काय खायचं हे मात्र आपल्यालाच ठरवायचं आहे, आणि ते ठरवायला लागणारी माहिती कपाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली असते.

ती अक्षरं वाचली की एक हिशेब मांडता येतो. नियमानुसार एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं. बाकी जागा बरीचशी हवेची. त्याचे १० टक्के म्हणजे सुमारे ५२ ग्रॅम दुधाचा स्निग्धांश. एवढा स्निग्धांश मिळवायला म्हशीचं पाऊण लिटरच्या वर दूध लागतं, गाईचं असेल तर दीड लिटरच्या आसपास. म्हणजे लिटरभर खरं आईस्क्रीम विकलं गेलं की कुठल्या तरी गोठ्यातल्या एवढ्या दुधाच्या सायीला गिऱ्हाईक मिळतं. तेलाच्या फ्रोझन डेझर्टचा डबा विकला गेला, की त्या सायीचं गिऱ्हाईक गेलं.

आता जुलै २०१८ आठवा. दूध पावडरीचे भाव जागतिक बाजारात कोसळले होते, दूध संघांनी गाईच्या दुधाचे खरेदीदर पाडले होते, आणि उत्पादनखर्चही निघेना म्हणून स्वाभिमानी शेतकरी संघटनेने पश्चिम महाराष्ट्रात दूध रोखलं. टँकर अडवले गेले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. चार दिवसांनी लिटरला २५ रुपये दराचं आश्वासन मिळालं तेव्हा आंदोलन थांबलं. पहाटे उठून धारा काढणाऱ्या बाईला तेच दूध मातीत गेलेलं बघावं लागणं, यासारखं दुःख दुसरं नाही. ज्या गावात दुधाला भाव नाही म्हणून ते ओतावं लागलं, त्याच गावच्या दुकानात तेलापासून बनलेला कप खपत असतो. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

दूध, साखर, बेदाणा, स्ट्रॉबेरी हे सगळं या खोऱ्यातून कच्च्या मालासारखं बाहेर जातं आणि नाव लावून, रंग चढवून, दामदुप्पट भावाने परत येतं. असं व्हायलाच हवं असं नाही. आपल्या शेजाऱ्यांनी आपली चव जपली आहे. नागपूरने १९३२ पासून दिनशॉज सांभाळलं. पुण्याने आईस्क्रीमची मस्तानी ही शहराची ओळख केली. कोल्हापूरला कॉकटेल आईस्क्रीम खाल्ल्याशिवाय पाहुणा परत जात नाही. मुंबईत जुहूला १९८४ साली रघुनंदन कामत यांनी छोट्या दुकानात फळांच्या गराचं आईस्क्रीम विकायला सुरुवात केली, आणि ‘नॅचरल्स’ देशभर गेलं तरी सीताफळ, जांभूळ, शहाळं हीच त्याची ओळख राहिली. फळाशी इमान ठेवून धंदा वाढत नाही, हे म्हणणं त्यांनी खोटं पाडलं. आपल्याकडेही पुरावा आहे. पाचगणीत किशोर व्होरा यांनी १९५९ साली जॅमचा उद्योग सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या मॅप्रोच्या गुरेघरच्या बागेत आज लोक उंच ग्लासातली ताजी स्ट्रॉबेरी आणि क्रीम खायला मुद्दाम घाट चढून जातात. फळ जिथे पिकतं तिथेच, त्याच्या हंगामात ते खावं, ही इच्छा लोकांच्यात आहे. तिला वाट करून द्यायला हवी.

ही वाट फार अवघड नाही. साताऱ्यात, कऱ्हाडला, सांगली-मिरजेला अजूनही स्वतः दूध आटवून आईस्क्रीम करणारी दुकानं आहेत. त्यांनी फळ्यावर फ्लेवरच्या पुढे दूध कुठल्या गावचं आणि फळ कुठल्या शिवारातलं हे लिहावं. जून उजाडला की स्ट्रॉबेरीचं नाव फळ्यावरून पुसण्याचं धाडस करावं. गिऱ्हाईक नाराज होणार नाही. ते डिसेंबरची वाट पाहील, आणि वाट पाहिलेली चव जास्त दिवस लक्षात राहते. दूध संघांनी जत्रा-यात्रांत आपल्याच दुधाचं आईस्क्रीम घेऊन उतरावं. म्हसवडच्या आणि पालीच्या यात्रेत लाखांनी माणूस जमतो, त्यातली पुष्कळ माणसं दूध घालणाऱ्या घरांतली असतात. आणि आपण खाणाऱ्यांनी पैसे देण्याआधी कप फिरवून बघावा. मुलांनाही तो वाचायला शिकवावा. रंग कोणता यापेक्षा स्निग्धांश कुणाचा हे बघायची सवय दहा-बारा वर्षांच्या मुलाला सहज लागते.

आवड ही खासगी बाब आहे आणि ती कुणी कुणावर लादू नये, हे मला मान्य आहे. पण आपल्या आवडीवर कुणाची तरी पहाटेची धार अवलंबून असते. ज्या खोऱ्याने दूध आटवण्याची विद्या एवढी वर्षं सांभाळली, त्याने ती आवड डोळसपणे निवडली, तर दोन रुपये जास्त गेले तरी ते पैसे आपल्याच शिवारात राहतील.