मुरलेल्या हाताचा रिमिक्स

नव्या पोरानं टेक्नोचा ट्रॅक काढायचा आणि त्याच रेकॉर्डवर एखाद्या जुन्याजाणत्या निर्मात्यानं केलेला रिमिक्स द्यायचा, ही अंडरग्राउंड टेक्नोतली जुनी रीत. खपासाठी मोठं नाव लावलं, असं वरवर वाटतं. मला मात्र त्यात कीर्तनातलं निरूपण दिसतं. बुवा तुकोबांचा अभंग घेतात, त्यातला एखादा चरण धरतात आणि तासभर तोच उलगडतात. शब्द तेच असतात, पण आपण ज्यावरून सहज पुढे गेलो होतो तिथे बुवा आपल्याला थांबवतात.

रिमिक्सवाल्याकडे ट्रॅक सुटा होऊन येतो: किक वेगळी, हाय-हॅट वेगळा, बेस वेगळा, गळा वेगळा. नवखा त्यावर आणखी थर चढवतो. मुरलेला आधी काढायला घेतो. डेट्रॉइटच्या कार्ल क्रेगनं २००७ च्या सुमारास ज्युनियर बॉइज या कॅनडातल्या जोडीचं ‘लाइक अ चाइल्ड’ घेतलं. गाणं हळुवार, आटोपशीर. क्रेगनं ते दहा मिनिटांच्या पुढे नेलं, पण भरताड घालून नाही. एकेक आवाज सावकाश येऊ दिला, प्रत्येकाला जागा दिली. या रिमिक्सला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. एवढा धीर पहिल्या-दुसऱ्या रेकॉर्डला येत नाही.

मुरलेल्या हाताचं आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड केली. ठेका रोलँडच्या टीआर-८०८ या ठेकायंत्राचा, बेस टीबी-३०३ चा, आणि त्यावर जुपिटर-८ सिंथवर भैरव, ललत, यमन. त्याच ३०३ च्या चिरक्या आवाजावर शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं ते पाच वर्षांनी, १९८७ मध्ये. राग मुळातून ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती नवं यंत्र पडलं, म्हणून हे घडलं. त्या वेळी सिंग यांची रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली, तेव्हा कुठे जगाला तिची किंमत कळली. २०१५ मध्ये ते गेले.

हे सगळं पिंपरी-चिंचवड आणि चाकणसाठी लिहायचं कारण सरळ आहे. टेक्नो जन्मलं तेच मोटारींच्या गावात, डेट्रॉइटमध्ये. त्याच्या आद्य निर्मात्यांपैकी ह्वान अ‍ॅटकिन्स म्हणाला होता, की मोटाउन कंपनीच्या गाण्यांपेक्षा मला फोर्डच्या कारखान्यातले रोबो जास्त खुणावतात. आपल्याकडे भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये स्ट्रोक पडतो, जॉब निघतो, परत स्ट्रोक. आठ तास हे कानात मुरवून आलेला पोरगा भाड्याच्या खोलीत लॅपटॉप उघडतो, तेव्हा १३० च्या लयीतली किक त्याला कुणी शिकवावी लागत नाही. शिकावं लागतं ते थांबणं, आणि ते शिकायला शेजारी जाणता कान हवा.

असे कान आपल्यात आहेत. ऑर्केस्ट्रात उभी हयात ऑक्टोपॅड वाजवलेली माणसं आहेत, देहू-आळंदीला पखवाज धरून बसलेली आहेत. पोरांनो, पुढचा ट्रॅक झाला की त्याचे सुटे भाग पेन ड्राइव्हवर घाला आणि त्यांच्यापुढे ठेवा. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते एकदा त्यांना ठरवू द्या.