दंतसूत्र तोंडपाठ, तोंड बेवारस

गाल धरून बसू नका. नीट जवळ आली की तुमच्यातल्या निम्म्यांचं तोंड येतं, उरलेल्यांची दाढ ठणकते, आणि सगळ्यांचं उत्तर एकच: "टेन्शन आहे सर."

टेन्शन आहे, कबूल. पण पुढचं कोण सांगणार? लातूरला बायोलॉजी शिकायला आलात. झोपेतून उठवलं तरी दंतसूत्र म्हणता. लाळेचा सामू ६.८, लाळग्रंथींच्या तीन जोड्या, लायसोझाइम, सगळं घडाघडा. एवढं पाठ करून स्वतःच्या तोंडात डोकवायला वेळ नाही? याच परीक्षेच्या गुणांवर बीडीएसचे प्रवेश होतात रे! उद्या तुम्ही लोकांचे दात बघणार.

चेतासंस्थेचा धडा आठवा. माणूस धास्तावला की अनुकंपी चेतासंस्था जोर धरते, लाळ कमी होते, दाट होते. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळे. आता आम्ल निवळायचं कोणी? तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली उतरला की एनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. आणि नेमका हाच मुहूर्त साधून तुम्ही अकराला गोड चहा, बाराला बिस्किटं, एकला कोल्ड्रिंक घेता. प्रत्येक घोटाला सामू घसरतो, सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर पुढचा कप हजर. मग पुस्तक छातीवर ठेवून, ब्रशला हात न लावता झोप. यातलं टेन्शनने किती केलं आणि तुम्ही किती, ते जरा मांडून बघा.

१९९८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये झालेला एक प्रयोग सांगतो. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली; एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. ११ म्हणजे काही फार नव्हेत, मान्य. पण परीक्षेत ज्याची जखम सुट्टीइतकी लवकर भरली, असा त्यात एकही नव्हता. ताणात प्रतिकारशक्ती दबते ती अशी. म्हणून आपलं तोंड येतं ते लवकर बरं होत नाही, आणि हिरड्याही याच दिवसांत सुजतात.

हिरड्यांवरून आठवलं. रक्त येतं म्हणून ब्रश करणं सोडलं, असं परवा एकाने मला मोठ्या शहाणपणाने सांगितलं. अरे, दातांच्या कडेला साचलेल्या थराने हिरडी सुजते आणि म्हणून रक्त येतं! घासणं सोडलंस तर थर वाढणार की कमी होणार? मऊ ब्रश घे आणि घास.

"तू झोपेत दात खातोस," असं रूममेट सांगतो, तेव्हा हसण्यावारी नेता. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं ठणकताहेत, आणि खापर फिजिक्सवर. एनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण तो घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. झिजलेलं पुन्हा तयार होत नाही. दात खाण्याला इतरही कारणं असतात, ती डॉक्टर शोधतील, गरज पडली तर रात्री लावायला नाइट गार्ड देतील. जागेपणी लक्ष तुम्हीच ठेवायचं. गणित सोडवताना दातावर दात आवळलेला सापडला की सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे, असंच असलं पाहिजे.

आणि टेन्शन उतरवायला पुडी फोडणाऱ्यांनो, राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. टपरीमागून तुम्हाला काय मिळतं ते मला कळत नाही असं समजू नका. घरी कळवायची वेळ आणू नका.

आजपासून रात्रीचा शेवटचा चहा झाला की ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या गिळायच्या नाहीत, डॉक्टरला दाखवायचा. लातुरात डेंटल कॉलेज आहे. ज्यांची दाढ दुखतेय त्यांनी आत्ता उठायचं. तास बुडाला तरी चालेल, चिठ्ठी मी देतो.