शिध्याचे माप

1819 च्या अखेरीस मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर यांच्या हाताखाली मुंबई इलाख्याचे सुमारे 3,000 लोकांचे सैन्य आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील रास अल-खैमावर चालून गेले, 9 डिसेंबरला ते शहर पडले आणि पुढील जानेवारीत किनाऱ्यावरील शेखांशी तह झाला, एवढा वृत्तान्त सर्वज्ञात आहे. परंतु तहानंतर त्या उजाड किनाऱ्यावर ठाणे राखण्यासाठी मागे ठेवलेल्या सुमारे 800 शिपायांच्या पोटाची तरतूद कोणत्या कल्पनेने केली जात असेल, हा प्रश्न मला त्या तहाच्या कलमांहून अधिक विचारणीय वाटतो. सैन्याचा शिधा पुरेसा आहे, असे म्हणताना त्या काळचे सरकार नेमके काय मोजत होते?

उत्तर सोपे आहे : ते वजन मोजत होते. तांदूळ किंवा पीठ, डाळ, तूप आणि मीठ माणशी ठरल्या मापाने पोचले, कोठारातील कारकुनाने त्यातले काही लांबविले नाही आणि कोणाच्या जातिधर्माला बाध आला नाही, म्हणजे सरकार आपले कर्तव्य पुरे झाले असे समजे. ही तिसरी काळजी, विशेषतः जहाजावरच्या स्वयंपाकाच्या बाबतीत, मुळीच लहान नव्हती. 1824 साली बराकपुरास बंगालच्या पलटणीचा जो उद्रेक झाला, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर समुद्रप्रवासाची धास्तीही होती. मात्र या सगळ्या हिशेबात एक गोष्ट निसटत होती. छावणीत असताना शिपाई पगारातून आपले अन्न स्वतः विकत घेई; पालेभाजी, ताक, हिरवी मिरची, भिजवून मोड आणलेली मटकी हे सारे बाजारातून येई आणि म्हणूनच सरकारी दफ्तरात कोठेही उमटत नसे. परदेशी मोहिमेवर फुकट शिधा सुरू झाला की तो बाजार मागे राही, आणि यादीत जे नव्हते ते ताटातूनही जाई. सरकार काय देते याची नोंद होती. शिपाई काय खातो याची नव्हती.

स्कर्व्ही या रोगावर लिंबाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. आरमारी वैद्य जेम्स लिंडचे प्रयोग 1747 चे, आणि इंग्रजी आरमारात 1795 पासून लिंबाचा रस नियमाने वाटला जाऊ लागला होता. परंतु ते ज्ञान औषधाच्या पेटीत राहिले. अन्नात काही अदृश्य सत्त्व असते आणि ते नसल्यास भरल्या पोटीही मनुष्य खंगतो, हा विचार त्यातून निघाला नाही.

फौजेला त्याची प्रचीती आली ती आखाताच्या उत्तर टोकापलीकडे, आणि फार मोठी किंमत देऊन. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत आजच्या इराकमधील कुत अल-अमारा येथे तुर्कांनी वेढलेल्या इंग्रजी फौजेत 103 वी, 110 वी आणि 117 वी या मराठा पलटणी होत्या. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याची रोटी मिळे, त्यांना बेरीबेरी झाली. मैदा संपून त्यांच्या वाट्याला हिंदी शिपायांचा कोंड्यासकट आटा आला तेव्हा ती हटली. उलट गोरे घोड्याचे मांस खात, म्हणून स्कर्व्हीपासून बचावले; हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले आणि ताजी भाजी तर मिळतच नव्हती, तेव्हा त्यांच्या हिरड्या सुजू लागल्या. वैद्यकीय प्रमुख पॅट्रिक हेहिर यांनी हे टिपून ठेवले. एकाच तटबंदीत दोन शिधे आणि दोन रोग! प्रयोगशाळेत इतकी निर्दय मांडणी कोणी केली नसती.

लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी पुढे दाखवून दिले की कोरड्या डाळीत स्कर्व्हीवर उतारा नाही, परंतु अख्खे कडधान्य भिजवून मोड आणले की तो उत्पन्न होतो. चिंच, आमचूर आणि आपले कोकमसुद्धा त्यांनी गिनीपिगांवर पारखले. वाळवलेल्या फळांत गुण थोडाच निघाला. कोकणातील ज्या घरांतून मराठा शिपाई भरती झाले, त्या घरांत मोड आणणे हे रोजचे काम होते. रसदीच्या यादीत मात्र डाळ सुकी आणि बहुधा भरडलेलीच असे, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. 1917 साली शांतताकाळातही शिपायाला फुकट शिधा मंजूर झाला, त्यामुळे जबाबदारी अखेर पूर्णपणे सरकारच्या अंगावर आली.

यानंतर निलगिरीतील कुन्नूरला आहाराचे संशोधक रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांचे गट करून एकेकास शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी आहार दिला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे सर्वांत दुबळे, आणि मराठा आहार तिसरा आला. भरतीच्या दफ्तरात ज्या देहयष्टीचे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या लढवय्या रक्ताला दिले जात होते, ती गहू, दूध आणि भाजीपाल्याच्या जोरावर उंदरांतही निपजत होती.